कोरड्या दगडाचं पाणी

रेवा, ईशान — तुमची आजी शाळेत विज्ञान शिकवायची. दृष्ट, नवस, शाप... वर्गात कुणी नाव काढलं तर मी पुरावा मागायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय.

२००६ सालचा ऑक्टोबर, डेन्व्हरजवळची एक लॅब. अणुभट्ट्यांचा कचरा एका डोंगरात खोल पुरायचा होता. तिथल्या खडकाच्या बारीक छिद्रांत अडकलेलं पाणी किती जुनं, हे तुमची आई, मंजिरी, तपासायची. खडक यंत्रात गरगर फिरवला की चमचाभर पाणी निघे. पाणी जुनं, तर जागा सुरक्षित. एका तुकड्यातलं मात्र अलीकडच्या पावसाचं निघालं... म्हणजे पाऊस तिथवर पोचतो, आणि कधीतरी कचराही बाहेर येणार.

तिचा साहेब ग्रेग. त्याला ती जागा मंजूर करून घ्यायची होती, त्यामुळे हे उत्तर नको होतं. त्यानं रिपोर्टमध्ये लिहिलं, मंजिरीनं नमुन्यात नळाचं पाणी सांडलं. टेस्टमध्ये सगळं पाणी संपलेलं, पुरावा काही नाही. चौकशीला एक कमिटी येणार होती. तिनं हे मान्य केलं असतं, तर मंजिरीची नोकरी जाणार होती, आणि व्हिसाही.

मी तेव्हा मंजिरीकडे राहायला गेले होते. कमिटी आली त्या दुपारी मी तिचा विसरलेला डबा घेऊन लॅबमध्ये गेले. ग्रेग हसत म्हणाला, "स्वीट गर्ल, युअर डॉटर. जस्ट अ लिटल क्लम्सी." आणि तो कोरडा तुकडा चक्क माझ्या हातात दिला. "सी? बोन ड्राय!"

"आई, सीन करू नकोस हं," मंजिरी पुटपुटली.

"मी काय केलं?"

"तुझा चेहरा बघ ना!"

शाप देताना ओंजळीत पाणी घेतात. माझ्या ओंजळीत पाणी काढून घेतलेला दगड होता. मनात म्हटलं, 'माझ्या लेकीचं नाव घालवणाऱ्याला चारचौघांत तोंडघशी पाड.' कुणाचं इतकं वाईट मी कधी चिंतलं नव्हतं. दगड परत दिला.

मीटिंगची खोली काचेची. मी बाहेरून पाहत होते. ग्रेगनं दगड टेबलावर ठेवला... आणि तो पाझरू लागला. ग्रेगचे कागद भिजले. तो रुमालानं पुसत राहिला — पुसावं तसं पाणी वाढत गेलं. कमिटीतल्या एका बाईंनी ते बाटलीत धरलं आणि स्वतःच्या लॅबमध्ये तपासलं. उत्तर मंजिरीचंच आलं. नोकरी ग्रेगची गेली.

यंत्रातून काढल्यावर मंजिरीनं त्या दगडाचं वजन केलं होतं. त्यात थेंब उरायला जागाच नव्हती. मी पुस्तकं चाळली, तिच्या लॅबमधल्या लोकांना विचारलं. कुणाला सांगता आलं नाही.

लॅब सोडून जाण्यापूर्वी ग्रेगनं मंजिरीच्या घरी फोन केला. मीच उचलला. "व्हॉट डिड यू डू टु दॅट रॉक?"

"आय डोन्ट नो," मी म्हटलं. ते खरंच होतं. सॉरी मात्र म्हणाले नाही... अजूनही म्हणावंसं वाटत नाही.