पाटवडीचा रस्सा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. मुलीला तर नाहीच, कारण ती ‘मॉम, हाउ कुड यू?’ म्हणेल आणि ते मला झेपणार नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही समोर नाही आहात. सकाळपासून उठते, उगाच ओटा पुसते, परत येऊन बसते. बघू, जमतंय का.

आधी माझी बढाई ऐकून घ्या. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये माझं अर्धं आयुष्य गेलं. माझ्या उच्चारांना हसणाऱ्या गोऱ्या साहेबांच्या पुढे जाऊन त्यांची साहेब झाले. विमानतळावर नवऱ्याला त्याच्या रंगामुळे बाजूला काढलं, तेव्हा सगळ्यांसमोर भांडले. काळ्या लोकांसाठी मोर्चा निघाला तेव्हा पाटी घेऊन चालले. अन्याय म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको, अशी माझी समजूत होती. होती? अजूनही असेल थोडी — सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

तर, आमची दर महिन्याला भिशी असते. पैशांची नव्हे, जेवणाची. प्रत्येक घरानं एकेक पदार्थ करून आणायचा, आणि कुणी काय आणायचं ते मी फोनवर ठरवायचं. हा मान मी स्वतःच स्वतःला दिलेला.

सुजाता मला कंपनीच्या शटल बसमध्ये भेटली. नागपूरची, पदरात लहान बाळ, नवरा सारखा प्रवासात. माझं फोनवरचं मराठी ऐकून पुढच्या सीटवरून उठून आली आणि पहिल्याच दिवशी ‘मावशी’ म्हणाली. मग आडनाव सांगितलं — आणि माझ्या डोक्यात काहीतरी आपोआप जागेवर बसलं. तुमच्याही बसतं ना? आपण जात कुठे विचारतो? आपल्याला नुसती ‘कळते’. पुढे तिनंच सहज सांगितलं की घरी बुद्धवंदना असते. मी म्हटलं, वा, छान. आणि तिला भिशीत घेतलं — हो, घेतलं, तेवढी मी सुधारलेली! फक्त पदार्थ ठरवताना म्हटलं, तू दमतेस गं, पेपर प्लेट्स आण. पुढच्या महिन्यात बर्फ. मग पुन्हा प्लेट्स.

एकदा तिनं ऐकलं नाही. भिशी माझ्याकडेच होती. दारात उभी, कडेवर किरकिरं बाळ, मागे नवऱ्याच्या हातात भलं मोठं पातेलं. पाटवडीचा रस्सा. मी म्हटलं, ठेव ओट्यावर, गरम करते, तू वर जाऊन बाळाला निजव.

आणि ते पातेलं मी बाहेर नेलंच नाही.

का? सामिष म्हणावं तर नुसतं बेसन होतं. कुणी नाक मुरडलं असतं म्हणावं, तर मी विचारलं कुणाला? नवऱ्यालाही नाही. दुसऱ्यांवर ढकलायला जागाच नाही — मलाच नको होतं. मी चमचाभर चाखलासुद्धा नाही. सगळे मागच्या अंगणात जेवत होते, तिचा नवरा पातेलं ठेवून लगेच विमानतळाकडे गेला होता. मी रस्सा सिंकमध्ये ओतला आणि खाली खरकटं दळणाऱ्या डिस्पोजलचं बटण दाबलं. पाटवड्या मऊ होत्या. लगेच गेल्या. पातेलं घासून, पुसून ठेवलं.

सुजाता खाली आली तेव्हा जेवणं उरकली होती. ‘संपला पण, मावशी?’

‘बोटं चाटत खाल्ला गं सगळ्यांनी,’ मी म्हटलं.

जाताना तिनं माझ्या ड्राइव्हवेवरूनच नागपूरला आईला फोन लावला. हसत होती. ‘आई, पूरा संपला!’

इथवर मी फक्त हलकट होते. पुढचं त्याहून वाईट आहे.

काही काळानं शेजारच्या गावाच्या कौन्सिलपुढे एक ठराव आला — भेदभावाच्या नियमात वंश, धर्म यांच्या जोडीला ‘जात’ हा शब्दही घालायचा. आमची भिशी पेटून उठली. आपली बदनामी चालवली आहे! माझं इंग्रजी चांगलं, म्हणून विरोधात बोलायला मला पुढे केलं. बोलणाऱ्यांच्या यादीत माझ्या आधी सुजाता. मला माहीत नव्हतं.

ती बोलली. ऑफिस त्याच गावातलं, वरिष्ठ आपल्याकडचाच. त्याला तिची जात कळली, आणि लंचला बोलावणं बंद झालं, मग प्रोजेक्टही गेला. तक्रार केली तर कंपनी म्हणाली, जात हा शब्द कुठल्याच नियमात नाही, आम्ही काय करणार? तो एक शब्द तिला हवा होता. एवढं बोलून थांबायचं ना! पण ती भली पोर. म्हणाली, सगळे तसे नसतात. इथे माझ्या मावशी बसल्या आहेत. त्यांच्या घरी मी केलेलं सगळ्यांनी खाल्लं, भांडं रिकामं परत आलं.

मग माझं नाव पुकारलं.

त्या क्षणी मी खरं बोलू शकले असते. एकाच वाक्याचं काम होतं. मी काय केलं? घोटून आणलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि तिचंच बोलणं उचललं. म्हटलं, ऐकलंत ना? तिच्याच तोंडून ऐकलंत. ऑफिसमधलं ते एका वाईट साहेबाचं वैयक्तिक प्रकरण असेल. आमच्या लोकांत जात उरलेली नाही; माझं स्वयंपाकघर त्याला साक्ष आहे. टाळ्या पडल्या. मतदानाआधी एका वयस्क सदस्यानं ते रिकाम्या भांड्याचं उदाहरण पुन्हा सांगितलं, अगदी भारावून. ठराव बारगळला.

सुजाताची तक्रार तिथेच मिटली. तिनं नोकरी सोडली, आणि आता ते टेक्सासला, अर्विंगला असतात.

पण त्या संध्याकाळी ती पार्किंगमध्ये माझ्यासाठी थांबली होती. मला वाटलं, आता भांडेल. माझा हात हातात घेऊन म्हणाली, ‘वाईट नका वाटून घेऊ, मावशी. तुमच्या घरापुरतं तुम्ही खरंच बोललात.’

मी मान डोलावली.