चिंचोक्यांचा संघ

कान्हा कोळी ठाण्याच्या कोर्टात शिपाई होता. दिवसभर शपथेवर खोटं बोलणारी माणसं बघायची, मग संध्याकाळी त्याचा भरवसा बसणार तरी कुणावर? हॉटेलात चहा आला की तो आधी माझ्या कपात डोकावे, मग स्वतःच्या. पोऱ्याने कुणाला जास्त ओतलाय ते बघायला. असल्या माणसाशी माझी मैत्री कशी टिकली, देव जाणे.

सत्त्याण्णवच्या सुमारास आमच्या दोस्ताने, चंदूने खोपटला, एस.टी. डेपोमागे कॉम्प्युटर क्लास काढला. क्लास सुटला की आम्ही तिथे फुटबॉलचा एक गेम खेळायचो. त्यात स्वतः पळायचं नाही. आपला संघ कुठे उभा राहील, कसा खेळेल ते ठरवून द्यायचं, सामना कॉम्प्युटर खेळवणार. एकजण डाव भरत असताना बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं, असा नियम. कान्हा तरीही पडद्यावर टॉवेल धरायचा.

पण पठ्ठ्याचा संशयच त्याच्या कामी आला. "बॉल लांब दिला का गेला समज," तो म्हणायचा. म्हणून त्याचे गडी जवळच्या जवळ पास देत, बॉल सोडतच नसत. चुकून गेलाच तर जवळचे तिघे तुटून पडत आणि बाकीचे पास द्यायच्या वाटा अडवत. "मासळीच्या मागं धावायचं नाय रे, तिची वाट बंद करायची." हे तो खाडीवर बापाकडून, म्हणजे दाजींकडून शिकलेला. सगळा डाव त्याने घरी जमिनीवर चिंचोके मांडून बसवला होता. तो बघितलेला फक्त मंजुळाने, त्याच्या बायकोने.

आम्ही आपसात स्पर्धा लावली होती, तिचा शेवटचा सामना चंदूशी होता. बरोबरी झाली असती तरी कान्हा पहिला येत होता. आणि तो आयुष्यात कशातच पहिला आला नव्हता. शाळेत नाही, नोकरीत नाही. वरवर हसायचा, पण त्याला ते फार हवं होतं.

आदल्या दिवशी त्याने मंजुळाला चंदूच्या क्लासचा जिना उतरताना पाहिलं. घरी विचारलं तर म्हणाली, "बाजारात गेलेली." पिशवी रिकामी होती. कान्हा तडक माझ्याकडे आला.

"फुटली रे. घरातलीच फुटली."

"अरे, तिला गोलकीपर कोण ते तरी ठाऊक आहे का?" मी भडकलोच. पण ऐकेल तो कान्हा कसला!

सामन्याला त्याने आपला डाव मोडून टाकला. सगळे गडी मागे आणले, बॉल मिळाला की लांब मारायला लावला. चंदूच्या संघाने आरामात बॉल खेळवला आणि दोन गोल चढवले. चंदू पहिला आला, पण त्याचा चेहरा काही खुलला नाही.

"तुझा तो डाव कुठं गेला रे?" त्याने विचारलं. "मी तर हरायच्या तयारीनंच आलेलो." मग कपाटातून त्याने प्रिंटरच्या जोडकागदाची लांबलचक पट्टी काढली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: चॅम्पियन कान्हा दाजी कोळी.

"वहिनी काल सांगून गेली. तुला कळू द्यायचं नव्हतं तिला."

कान्हाने पट्टी वाचली. "माझं नाव तिनं घेतलं? तोंडानं?" लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी मंजुळाने उखाण्याबाहेर नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं.

"मी मुद्दामच विचारलं, काय छापू म्हणून. लाजली, पण बोलली. सासऱ्याच्या नावासकट."

पट्टी घेऊन मी त्याच्याबरोबर कोळीवाड्यात गेलो. त्याला एकट्याला सोडवेना. मंजुळा दारातच होती.

"जिंकले ना?"

"हरलो. डाव बदलला मी."

आत जमिनीवर चिंचोके अजून मांडलेले होते. भोवतालची जमीन लख्ख सारवलेली, आणि चिंचोक्यांखालचा तुकडा तेवढा जुना, धुळकट. कान्हा त्याच्याशेजारी मटकन बसला. मला त्याचा राग आला होता, तो तिथेच विरला.

"बदलला?" मंजुळाला काही कळेना. "कशापायी? मी एक चिंचोका हलू दिला नाय."