मतदानाआधीचा रविवार

त्या दिवसांत माझी प्रार्थना कुठेतरी अडत होती. गुडघे टेकले की शब्द यायचे, पण मन भलतीकडेच धावायचं. नव्वदच्या दशकातलं बेंगळुरू. नळाला दिवसाआड पाणी, तेही कधीकधी पिवळट, वास येणारं. कॉर्पोरेशनची निवडणूक तोंडावर आली होती आणि आमच्या वॉर्डातले एक उमेदवार चर्चमध्ये येऊन सांगून गेले होते, "तुमच्या सगळ्यांची मतं मला द्या, आवारात बोअरवेल मारून देतो." आमची मराठी मंडळी म्हणजे कारखान्यांतल्या नोकऱ्यांमुळे नगर-सोलापूरकडून इथे आलेली थोडीशी ख्रिस्ती कुटुंबं. माझे यजमान बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला होते. या शहरात आम्हाला इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं. आता कोणी दारी आलं, म्हणून सगळे हरखून गेले होते.

मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांपैकी एक, शामुवेलकाका मला म्हणाले, "बाई, स्त्रियांची सभा तुम्ही घेता. मतदानाआधीच्या रविवारी उभ्या राहून त्या उमेदवाराचं नाव सांगा. तुमचं सगळे ऐकतात." मी हो म्हणून बसले, आणि घरी आल्यापासून जीव थाऱ्यावर राहिना. यात चूक काय, ते मला सांगता येत नव्हतं. पाणी तर आम्हाला हवंच होतं. मी प्रभूजवळ खूण मागत होते. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, सारखी तीच मागणी. उत्तर काही येत नव्हतं.

त्याच आठवड्यात माझ्या मुलीला कावीळ झाली. सरकारी दवाखान्यात दाखल करावं लागलं. माझं कानडी भाजी आणण्यापुरतं. नर्स घाईघाईने काहीतरी बोलून गेली, मला एक अक्षर कळलं नाही आणि मी तिथेच रडायला लागले. तेवढ्यात शेजारच्या खाटेपाशी बसलेली बाई म्हणाली, "भिऊ नका अक्का. सलाईन बदलायची म्हणतात ती, एवढंच. स्वल्प बसा तुम्ही." मराठी! जरा वेगळ्या वळणाची, कानडी हेलाची, पण माझ्या आईची भाषा. त्या क्षणी मला जे वाटलं ते सांगायला आजही शब्द नाहीत.

तिचं नाव लीलाबाई. तिच्या घरच्यांच्या कित्येक पिढ्या या शहरात गेलेल्या, नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान. राहायला आमच्याच वॉर्डात, उतारावरच्या खालच्या गल्लीत. तिच्याही मुलीला कावीळच. "पाण्याचा पाइप कुजलाय अक्का, गटाराचं पाणी शिरतं त्यात. घरोघरी कोणी ना कोणी पडलंय," ती म्हणाली. मी जरा फुशारकीनेच आमच्या बोअरवेलबद्दल सांगितलं. ती ऐकून घेत राहिली. "बरं होईल तुमचं. आमच्याकडे पण आलते ते. देवळापुढे मंडप घालून देतो म्हणाले. पाइपचं विचारलं तर नुसते हसले." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही प्रार्थना करणारी माणसं. आमच्या नळाचं पण सांगा की तुमच्या देवाला."

तिच्या बोलण्यात टोमणा अजिबात नव्हता, म्हणूनच ते आत खोल गेलं. इतके दिवस मी प्रार्थना करत होते, पण खालची गल्ली एकदाही माझ्या ओठांवर आली नव्हती.

रविवारी यजमान पाळीवर होते आणि मुलीला एकटं सोडवत नव्हतं. लीलाबाईने ओळखलं. "सरी, ठीक आहे, जाऊन या तुम्ही. दोघी माझ्याच पोरी."

चर्चमध्ये मी सगळ्यांसमोर उभी राहिले. मी खालच्या गल्लीचं सांगितलं, आजारी मुलांचं सांगितलं. शामुवेलकाका मागून म्हणाले, "बाई, नाव सांगा."

"नाव मला सांगता येत नाही काका. ज्याने त्याने घरी प्रार्थना करून ठरवावं. पण त्याआधी खालच्या गल्लीतल्या लोकांना घेऊन आपण सगळ्या उमेदवारांकडे जाऊ आणि पाइप कधी बदलणार ते विचारू."

"मग बोअरवेलचं काय?" कोणीतरी विचारलं. काका रागाने निघून गेले. थोड्या बायका मात्र माझ्याबरोबर आल्या. लीलाबाईचा नवरा आणि त्यांचे शेजारी असे मिळून आम्ही दारोदार गेलो. एका उमेदवाराने नंतर या म्हटलं. एकजण स्वतः गल्लीत येऊन पाइप बघून गेले. बोअरवेलवाल्यांनी चहा पाजला आणि विषय बदलला.

मतपत्रिकेवर शिक्का मारला तेव्हाही प्रभूकडून खूण अशी कोणतीच मिळाली नव्हती. निवडून आले ते बोअरवेलवालेच. बोअरवेल काही आली नाही. आम्ही तीच माणसं पुन्हा त्यांच्या दारात गेलो, आणि जातच राहिलो. पुढे एकदा शामुवेलकाकाही सोबत आले. पाइप बदलला, पण फार उशिरा. तोवर दोन्ही मुली बऱ्या होऊन शाळेत जात होत्या, त्यासाठी प्रभूचे आभार मानते.

निवडणूक आली की अजूनही मी बेचैन होते. ती बेचैनी प्रभूने काढून घेतली नाही, आणि आता मी ती काढून घे असं म्हणतही नाही. आधी शेजाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना करते, मग उमेदवारांची. मत देऊन आले की निकाल त्याच्या हाती सोपवते. त्यानंतर निवडून आलेल्याचं दार ठोठावायचं काम मात्र त्याने आमच्यावर सोपवलं आहे, असं मी धरून चालते.