माळावरची कानबाई

"बठ वो, बोलू नको. पहिले कुसळे काढू दे."

माळ तुडवून कोणीही आलं की माय, म्हणजे आमच्या वस्तीतली सगळ्यात जुनी बाई, त्याला आधी ओट्यावर बसवायची आणि लुगड्यात, धोतरात रुतलेली कुसळं एकेक करून वेचायची. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा माझं लुगडं तिनं असंच निवडलं. सासूबाई पाणी घेऊन ताटकळल्या होत्या, पण मायपुढं बोलायची त्यांची काय बिशाद!

तुम्ही म्हणाल, गाव कोणतं? गाव नव्हतंच. कोरीटच्या पुढं कमरेएवढ्या गवताचा माळ आणि त्यात पाच घरं. साहेबांच्या घोड्यांसाठी गवत कापायला आलेली माणसं. गवताच्या गाठी रेल्वेनं गेल्या, माणसं राहिली. पहिली झोपडी मायच्या नवऱ्याची. तो तापानं गेला, तेव्हा दिरांनी तिचा एकुलता मुलगा मूळ गावी ठेवून घेतला. माय मात्र माळ सोडेना. "तेन्हा हातनं घर शे. कसं मोडू?" एवढंच म्हणायची.

श्रावणात कानबाई देवीचा सण आला की वस्ती ओस पडे. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे एक मूठ गहू, त्या पिठाचा रोट, आणि तो खायचा फक्त भाऊबंदांनी, असा आमच्याकडचा नेम. म्हणून ज्यानं त्यानं नदीपलीकडं आपापल्या मूळ गावी जायचं. माय तर आठ दिवस आधीच गाठोडं बांधून बसे. वर्षातून तेवढाच एक दिवस मुलगा तिच्या शेजारी जेवायचा.

एका साली नदी अशी फुगली की पाचही घरं अडकली. सासूबाई रडायलाच बसल्या. देवी इथंच माळावर बसवायची म्हणून माय सूप घेऊन दारोदार फिरली.

"टाका मूठ. बाईले आठेच बसाडू."

"पन माय, आपन भाऊबंद थोडाच शेतस?" सासरे म्हणाले.

"मंग आठे आपले दुसरं कोन शे?"

पाच कुळांच्या मुठी एका जात्यात पडल्या. मुलाची मूठ मायनं स्वतः टाकली. आम्ही एका ओळीत बसून रोट खाल्ला. सरकारी कागदात काहीही असो, मला विचाराल तर गाव त्या दिवशी वसलं.

पूर ओसरल्यावर माय मुलाला भेटायला गेली. बातमी तिच्याआधी पोचली होती. दीर दारातच आडवा झाला. "परक्यासले रोट खावाडा ना? आते तुन्ही बाई तठेच." मिसरूड फुटलेला मुलगा काकाच्या मागं उभा होता. मायनं हे आम्हाला एकदाच सांगितलं, तेही भाकरी थापता थापता.

पुढं दरसाल ती इथंच माळावर मुठी गोळा करायची आणि शेवटी मुलाची टाकायची. त्याच्या वाटचा रोट परक्याला द्यायचा नाही, उरवायचाही नाही. म्हणून ती तो घरामागं पुरायची. मी एकदा म्हटलं, "माय, इतला वरीस हुई ग्यात."

माती सारखी करत ती म्हणाली, "भूक तर दरसाल लागस ना त्याले?"

माय गेली. पुढच्या श्रावणात मुठी मी गोळा केल्या. मुलाची मूठ टाकायला गेले तर कोणीतरी म्हणालं, आता कोणासाठी? मलाही ते पटलं. मी सूप तसंच उचललं.

दुपारी पंगत बसली आणि दारात एक माणूस येऊन उभा राहिला. कानशिलावरचे केस पिकलेले, पण नाकडोळे थेट मायचे.

"मन्ही माय दरसाल मन्ही मूठ टाके, असं बाजारमा ऐकं व्हतं," तो खाली बघत म्हणाला. "औंदा टाकी का कोनी?"

मी माझं ताट त्याच्यापुढं सरकवलं. "टाकी ना, भाऊ. हाऊ तुन्हाच रोट शे."

तो मान खाली घालून जेवला. मायच्या घरात, कानबाईसमोर मी खोटं बोलले. बाईची क्षमा मी त्याच दिवशी मागितली. मायची मागायचा धीर अजून होत नाही.