रांजणाचा घुमारा
परवा नातू टीव्हीजवळ गुडघ्यांवर बसून स्पीकरच्या काळ्या खोक्याची घुमघुम कमी करत होता, आणि मला आमच्या अकोल्याच्या घरातला रांजण आठवला. थोरला भाऊ नागपूरला नोकरीला होता. त्या सकाळी तो पहिल्यांदाच रेडिओवर भजन गाणार होता. आवाज भरदार यावा म्हणून मी रेडिओचा स्पीकर वायर लांबवून रिकाम्या रांजणाच्या तोंडावर ठेवला. ओसरी शेजाऱ्यांनी भरली. भाऊ गायला लागला, रांजण घुमला, सगळे माना डोलवू लागले. फक्त आईच्या हातातला अडकित्ता थांबला. "हा काही माह्या पोराचा आवाज नाही. काय केलं वं तुनं त्याले?" मी घाबरून स्पीकर उचलून पाटावर ठेवला, बटण फिरवत घुमारा काढून टाकला. आवाज हुबेहूब त्याचा झाला, आणि रांजणानं भरून काढलेल्या दोन ओळींमधल्या जागाही ऐकू आल्या. प्रत्येक ओळीनंतर तो धापा टाकत होता. पत्रात मात्र 'तब्येत उत्तम' लिहायचा. शेजारी वाहवा करत होते. "याले दम लागून राह्यला," म्हणत आई उठली आणि नागपूरला जायला पिशवीत लुगडं भरू लागली. "आजी, ऐक, आता अगदी खरा आवाज येतो," नातू म्हणाला. मी म्हटलं, राहू दे रे थोडी घुमघुम.