जबलपूरच्या कोंडवाड्यातले अकरा बैल

बेचाळीस साली अकोल्याच्या जुन्या शहरातून आमचं साप्ताहिक निघायचं. नत्थुजी तिथे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि मी प्रुफं घेऊन मोर्णा नदीपलीकडे सरकारी कचेरीत मंजुरीला जायचो. तिथला कारकून लाल पेन्सिलीनं बातम्या खोडायचा. बरं, खोडलेली जागा कोरी ठेवायचीही बंदी. कोरं दिसलं की लोकांना कळतं ना, काहीतरी लपवलंय म्हणून! मग नत्थुजींनी जुळवलेलं सगळं मोडायचं आणि तिथे केशतेलाची जाहिरात बसवायची. मला या प्रकाराचा वीट आला होता. नत्थुजी तर दर आठवड्याला कुरकुरायचे, "कोऱ्या कागदाचीबी यायले भीती वाटून राहिली."

सप्टेंबरात एका वकिलाकडून अकरा पोरांची यादी आली. चळवळीत धरलेल्या या पोरांना जबलपूरच्या तुरुंगात हलवलं होतं आणि घरच्यांना पत्ता लागू दिला नव्हता. कारकुनानं अख्खी यादी खोडली. त्याच दिवशी दहीहंड्याच्या पार्बताबाई मुलाला शोधत छापखान्यात आल्या. यादीत त्यांचा खुशाल होता. नत्थुजींनी हळूच सांगितलं. बाई डोळे पुसून उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

"माह्या पोराचं तुमी सांगतलं. बाकीच्या दहाजणीयले कोन सांगन?"

बाई गेल्यावर नत्थुजींनी ती यादी पुन्हा जुळवली, कोंडवाड्याची नोटीस म्हणून. मोकाट गुरांच्या असल्या नोटिसा दर अंकात असायच्या आणि कारकून त्या कधी वाचत नसे. 'जबलपूरच्या कोंडवाड्यात पुढील बैल जमा आहेत : दहीहंड्याचा खुशाल, तेल्हाऱ्याचा वामन...' जबलपूरचे बैल अकोल्याच्या पेपरात कशाला, एवढंसुद्धा त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. शिक्का मारून मोकळा झाला.

गावोगावी पेपर पारावर मोठ्यानं वाचला जायचा. आठ दिवसांत अकराही घरांतली माणसं जबलपूरला निघाली. तेव्हा कुठे कचेरीला जाग आली. शिक्का मारणाऱ्याला कोणी हात लावला नाही, नत्थुजींना मात्र उचललं.

त्यांची बायको माणिकबाई रोज येऊन विचारायची, कुठं नेलं त्यांना? पंधरा दिवसांनी वकिलानं मला तुरुंगाचं नाव सांगितलं. तिला मी ते कानात सांगितलं. नत्थुजींबरोबर आणखी सहाजण होते, सहा गावांचे. खिळे मलाही जुळवता यायचे. त्या अंकात त्या सहाजणांच्या जागी मी नेहमीची केशतेलाची जाहिरात बसवली.