उतरली तर आपली

फौजींचा चेहरा मी पाहिला तो त्यांच्याशी बोलायला लागून पाऊण तास उलटल्यावर. तोवर माझं सगळं बोलणं त्यांच्या पायांशी झालं होतं. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं आणि मीही नर्सिंगचं प्रशिक्षण संपवून नवीनच होते. मेहकर भागात एका जिनिंगवाल्या शेटजींच्या ट्रस्टचा फिरता दवाखाना होता. तिथे रुजू व्हायला गेले, तर आवारात एक पिकअप उभी आणि तिच्या मागच्या बाजूने दोन पाय बाहेर आलेले. "डॉक्टर कुठे आहेत?" मी विचारलं. गाडीखालून उत्तर आलं, "बसा बाई. स्टेपनी उतरून राह्यली."

मी पुण्याकडची. स्टेपनी कुठून उतरते आणि उतरून कुठे जाते, हे मला ठाऊक नव्हतं. आलेल्या प्रत्येकाला ते समजावून सांगणं फौजी आपलं कर्तव्य मानत. गाडीचं जादा चाक मागच्या हौद्याखाली साखळीने टांगलेलं असे. मागून हँडल घालून फिरवलं की साखळी सैल होत जाई आणि चाक जमिनीवर टेके. दर शनिवारी सकाळी फौजी ते उतरवत, साखळीचा चिखल खरवडत, ग्रीस चोपडत, चाकात हवा आहे का ते पाहत आणि पुन्हा चढवत. तोवर जानेफळचे तापकरी झाडाखाली आमची वाट पाहत कण्हत बसलेले असले तरी गाडी हलत नसे. डॉक्टर खिडकीतून विचारायचे, "काय फौजी, आरती झाली का?" आम्ही सगळे हसायचो. मी जरा जास्तच हसायची, कारण मी नवी होते आणि मला त्यांच्यात सामील व्हायचं होतं.

गाडी लष्कराच्या लिलावातली, फौजीही लष्करातलेच ड्रायव्हर. दोघांचंही वय झालं होतं आणि दोघांनाही ते कबूल नव्हतं. फौजींचं मूळ गाव सोनाळा. बाबासाहेबांचा फोटो खिशात, मिशी तेल लावून वर वळवलेली, आणि गाडीचा वेग असा की सायकलवाले मागे वळून आमची चौकशी करत. लढाईतल्या त्यांच्या गोष्टी ऐकल्या, की आपल्या फौजा कशा जिंकल्या याचा उलगडा होई: फौजींनी वेळेवर स्टेपन्या उतरवून पाहिल्या म्हणून. इंजेक्शनला मात्र हा वीर भयंकर भ्यायचा. देवीच्या लशीच्या दिवशी गावातल्या पोरांना लपायला जागा उरत नसे, सगळ्या जागा फौजींनीच आधी धरलेल्या असत.

"लटकून दिसते म्हंजे आपली हाय असं नसते, बाई," ते मला सांगत. "उतरली तर आपली." हे तत्त्वज्ञान त्यांनी फक्त चाकापुरतं ठेवलं असतं तर बरं झालं असतं. त्यांच्या पुतणीला पाहायला मुलगा आला. मॅट्रिक पास, घरी सायकल. चहा होईपर्यंत सगळं गोड चाललं होतं. मग फौजींनी विचारलं, "सायकलची चैन उतरली तं बसवता येते काय?" मुलगा म्हणाला, उतरतच नाही. "मंग तुले सायकल येत नाई," फौजी म्हणाले. ते स्थळ तिथेच मोडलं. पुढे पुतणी त्यांच्याशी वर्षभर बोलली नाही आणि मला ती बरोबर वाटायची.

एका शनिवारी शेटजी पाहुण्यांना घेऊन आले. लोणारला आमचं शिबिर होतं, त्याआधी गाडीपुढे फोटो काढायचा होता. हार आले, फोटोवाला आला, आणि स्टेपनी जमिनीवर. ट्रस्टचे सेक्रेटरी घाम पुसत म्हणाले, "उचला ते आधी."

"धा मिनिटं, साहेब. साखळी कोरडी हाय."

शेटजींनी हार सावरत विचारलं, "पण पंक्चर झालंय का?"

"नाई जी."

"मग काऊन उतरवलं?"

"पंक्चर झाल्यावर तं कोनीबी उतरवाले जाते, शेटजी. तवा ते उतरत नाई."

पाहुणे हसले. शेटजींना, आपल्याला हसले, असं वाटलं. सोमवारी सेक्रेटरींचा लेखी हुकूम आला: स्टेपनी विनाकारण उतरवू नये. फौजींनी तो वाचला, खळ करून गाडीत आपल्या डोक्यावर टपाला आतून चिकटवला आणि म्हणाले, "हुकूम म्हंजे हुकूम." मला वाटलं होतं, हे ऐकायचे नाहीत. पण त्यांनी ऐकलं. अख्खा पावसाळा ते शनिवारी सकाळी गाडीकडे पाठ करून बिडी ओढत बसायचे. आम्ही अर्धा तास लवकर निघायचो आणि त्याचं आम्हाला फार बरं वाटायचं.

दसरा झाल्यावरची गोष्ट. जानेफळच्या पुढे एका वस्तीवर एक बाई अडली होती. पोर आडवं आलं होतं. मी हात लावून पाहिलं आणि डॉक्टरांना म्हटलं, मेहकरच्या दवाखान्यात न्यायलाच हवं. तिला मागे निजवून निघालो आणि कच्च्या रस्त्यावर पुढचं चाक पंक्चर होऊन बसलं. फौजींनी गाडी तशीच रेटली, तर थोड्याच अंतरावर ती काळ्या मातीत रुतली. त्यांनी हँडल घातलं. फिरेना. सबंध पावसाळ्याचा चिखल आत गच्च वाळला होता, साखळीला गंज चढला होता. ते खाली पालथे पडून हातोडीने ठोकत राहिले. हँडल वाकलं. आत ती बाई ओरडत होती, मग ओरडायची थांबली, तेव्हा डॉक्टर धावत जाऊन शेजारच्या शेतातली बैलगाडी घेऊन आले. बाई वाचली. मूल गेलं. आम्ही निघालो तेव्हाही गाडीखालून ठोकल्याचा आवाज येतच होता.

ट्रस्टने चौकशी केली. सेक्रेटरींनी जबाब लिहून आणला होता: ड्रायव्हरने स्टेपनीची देखभाल केली नाही. मी गाडीत जाऊन पाहिलं. टपावरचा कागद कुणीतरी खरवडून काढला होता, खळीचा डाग तेवढा उरला होता. फौजींना विचारलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माह्या डोळ्यादेखत गंज चढला. हुकूम मानला, ते माहं चुकलं." हुकुमाबद्दल बोलायला उरलो होतो डॉक्टर आणि मी. डॉक्टरांनी सही केली. मग कागद माझ्याकडे आला. मी नोकरीत कायम व्हायची होते. मीही केली.

फौजींची नोकरी गेली. ते गावी निघाले त्या दिवशी मी एस.टी.च्या थांब्यावर गेले. ट्रंकेवर बसले होते, मिशीला तेल नव्हतं. मी शेजारी उभी राहिले. म्हटलं, "फौजी, त्या कागदावर मीही सही केली."

"हाव, पाह्यली," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "अक्षर चांगलं हाय तुमचं, बाई. साफ वाचता आलं."